गावात राहायला यायचंय? जुन्या नाशिकबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला येणाऱ्या फोनची सुरुवात आता ठरूनच गेली आहे: "ताई, गावात एखादी खोली असेल तर बघा ना." फोन करणारी मुलं-मुली बहुतेक तिशीच्या आतली. कुणी नाटक करतं, कुणी तबला शिकतंय, कुणी चित्रकलेचं शिक्षण संपवून आलंय आणि कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये करमत नाही म्हणतंय. मी एकोणीस वर्षं इथं राहते. आधी तांबट लेनजवळच्या एका वाड्यात भाड्याची खोली होती, आता पाडलेल्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. मुलांना चित्रकला शिकवते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

"गावात" म्हणजे नेमकं कुठं?

सिडको, इंदिरानगर, सातपूर, गंगापूर रोड, कुठलाही नाशिककर मेन रोडला निघाला की "गावात जाऊन येतो" म्हणतो. शहराची महानगरपालिका होऊन चाळीस वर्षं उलटली, तरी हा शब्द कुणी सोडलेला नाही. रविवार कारंजा, मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार, दहिपूल, भद्रकाली, तिवंधा, तांबट लेन, बालाजी कोट, नाव दरवाजा हा नदीच्या अलीकडचा भाग. पलीकडे रामकुंड, काळाराम मंदिर, पंचवटी कारंजा. मध्ये गोदावरी, पण तिला इथं कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. "कुठं निघालात?" "गंगेवर." एवढंच.

हा भाग सपाट नाही, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गल्ल्या चढतात, वळतात, पायऱ्या होऊन उतरतात. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक, अशी नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. व्युत्पत्ती बाजूला ठेवा, पण टेकड्या लक्षात ठेवा. तुमची खोली चढावर आहे की उतारावर, यावर पावसाळ्यातली तुमची झोप ठरते. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

हा भाग कलावंतांचा आहे, असं कशावरून म्हणता?

दिसायला काही नाही, हे आधीच सांगते. रंगवलेल्या भिंती नाहीत, गॅलऱ्यांची रांग नाही. पण सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. त्याला सगळे "सावाना" म्हणतात. त्याच सावानाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग आम्ही तिथंच बघत आलो. शालिमारला महाकवी कालिदास कलामंदिर. पंचवटीत इंद्रकुंडावर पलुस्कर सभागृह. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला होता आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकलाच झाला. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ मध्ये पहिला मूकपट मुंबईत केला आणि मग पुढचं काम इथं, नाशकात आणलं. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथलीच. ते गेलेही इथंच, १९४४ मध्ये. तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, आणि वसंत कानेटकर या दोघांनी मराठी रंगभूमीला जे दिलं ते याच शहरात बसून लिहिलं. तात्यासाहेबांना १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. जुनी माणसं त्यांच्याबद्दल अजून "तात्या" म्हणून बोलतात, जसं काही ते परवाच भेटले होते.

आणि हे सगळं शोभेपुरतं नव्हतं. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. मंदिराची दारं तरी उघडली नाहीत. मी मुलांना काळारामच्या सभामंडपाचं रेखाटन करायला नेते तेव्हा खांब आणि कमानी दाखवायच्या आधी ही गोष्ट सांगते. सुंदर दगडी काम बघताना ते कुणाला बघू दिलं नव्हतं हेही मुलांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रोजच्या जगण्यात मात्र कला वेगळ्याच दारानं येते. खालच्या मजल्यावरचे काका दिवसा भांड्यांच्या दुकानात असतात आणि संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज वाजवतात. समोरची वहिनी नऊवारी शिवते, तिच्याकडे नाटकवाल्यांचे कपडे असतात. माझा कागद संपला तर रात्री नऊला दुकानाचं अर्धं शटर वर करून कागद देणारा माणूस इथं आहे. कलावंत म्हणून कुणाला वेगळं काढत नाहीत. ज्याला जे येतं ते तो करतो.

मला कलेतलं काही येत नाही. मग करमेल का?

करमेल. ऐकणारी आणि बघणारी माणसंही लागतात. मे महिन्यात गंगेवर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, महिनाभर, रोज संध्याकाळी. तिकीट नाही. दिवसभर तापलेला दगड तोवर जरा निवलेला असतो, नदीवरून वारा येतो, आणि पुढे कधी अर्थशास्त्रावर, कधी ज्ञानेश्वरीवर बोलणारं कुणी असतं. पहिल्या वर्षी मी तिथं एकटी जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी माझ्यासाठी सतरंजीवर जागा धरून ठेवली होती. माझ्या इथल्या बहुतेक ओळखींची सुरुवात त्या सतरंजीवर झाली आहे.

जागा कशी शोधायची?

मोबाइलवरच्या जाहिरातींत गावातल्या खोल्या फारशा सापडत नाहीत. किराणा दुकान, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला यांना विचारायचं. आणि एकदा विचारून चालत नाही, दोन-तीनदा दिसावं लागतं. तुम्ही कोण, कुणाचे, काय करता हे विचारतील. राग मानू नका. घरमालक बहुतेक त्याच वाड्यात राहतो, त्याच्या अंगणातून तुमची ये-जा होणार असते.

भाडं कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या मानानं कमी पडतं. पण करार नीट करा. अकरा महिन्यांचा असला तरी भाडेकरार नोंदवावाच लागतो, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. "अहो, इथं असं काही लागत नाही, आपण घरचेच" असं म्हणणारे भेटतील. घरचेपणा राहू द्या, कागद करा. माझ्या पहिल्या खोलीचं डिपॉझिट असंच तोंडी व्यवहारात अडकलं आणि दोन वर्षांनी निम्मंच हाती आलं.

जागेची मालकी कुणाच्या नावावर आहे तेही विचारा, शक्य असेल तर मिळकत पत्रिकेचा उतारा बघा. कितीतरी वाडे भाऊबंदकीत अडकलेले आहेत. एक हिस्सेदार मुंबईला, एक अमेरिकेत, एक इथंच वरच्या माळ्यावर. एकानं खोली दिली आणि दुसरा महिन्यानं दारात येऊन उभा राहिला, हे मी तीन वेळा बघितलंय.

वाड्यात राहावं की इमारतीत?

मन वाड्यातच अडकतं, हे मान्य. उन्हाळ्यात मातीच्या भिंतींचा गारवा, चौकातलं तुळशीवृंदावन, सागवानी खांबांवरची कणसं, माडीच्या खिडकीतून दिसणारा रथ. पण मन गुंतण्याआधी या गोष्टी बघा.

खांब दगडी तळखड्यावर जिथं टेकतो तिथं किल्लीचं टोक टोचून बघा. किल्ली लोण्यात शिरल्यासारखी गेली तर लाकूड वाळवीनं खाल्लंय. भिंतीच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटून बघा, भिंतीनं पोट काढलेलं लगेच दिसतं. पोट काढलेली भिंत पहिल्या दोन पावसांत नाही, चौथ्या-पाचव्या झडीत जाते, कारण तोवर माती आतपर्यंत भिजलेली असते. पन्हळीचं पाणी कुठं पडतं ते बघा. ते भिंतीच्या पायात मुरत असेल तर बाकी सगळं ठीक असूनही नको म्हणा. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या वाड्याला आली आहे का, हे घरमालक सांगणार नाही, शेजारी सांगतील. विजेची वायरिंग कापडी आवरणाची असेल तर बदलून घेतल्याशिवाय राहू नका. संडास सामाईक असेल तर किती घरांत आहे ते विचारा.

यात एक दुखणंही आहे, ते लपवून उपयोग नाही. बऱ्याच वाड्यांत जुन्या भाडेकरूंचं भाडं इतकं क्षुल्लक आहे की त्यात एक तुळई बदलणं होत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही, आणि दोघांच्या मध्ये वाडा पावसागणिक खचत जातो. दोघांचीही बाजू मला समजते. तीस वर्षं एका खोलीत संसार केलेल्या बाईनं कुठं जायचं? पण वाडा कोसळतो तेव्हा तो मालक-भाडेकरू बघत नाही. म्हणून मी आता इमारतीत राहते, आणि वाड्याची आठवण अजून येते.

पूर येतो का? खरं सांगा.

येतो. १९६९ चा महापूर म्हातारी माणसं अजून सांगतात. माझ्या समजत्या वयात २००८, २०१६ आणि २०१९ हे तीन मोठे.

काय होतं ते नीट समजून घ्या. वर गंगापूर धरण आहे. ते भरत आलं आणि घाटमाथ्यावर पाऊस चालूच राहिला की विसर्ग सोडतात. दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, क्युसेक. पण गावात पाणी शिरायला नदीच यावी लागते असं नाही. दहिपुलाखालून सरस्वती नाला वाहतो. नदी चढली की नाल्याला पुढं जायला वाव राहत नाही, गटारांमधून पाणी उलटं येतं, आणि मग दहिपूल, सराफ बाजार, भांडी बाजार भरायला लागतात. नुसत्या जोराच्या पावसानंही दहिपुलावर पाणी साचतं.

पुराचं मोजमाप म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याशी आलं. सगळं शहर याच भाषेत बोलतं. कमरेपर्यंत आलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवून मोकळे झालेले असतात. छातीला आलं की सराफ बाजारातली दुकानं खालचे कप्पे रिकामे करतात. डोक्यावरून गेलं की मग फोन सुरू होतात, "तुमच्याकडे किती आलं?"

४ ऑगस्ट २०१९, रविवार. माझा चित्रकलेचा वर्ग तेव्हा उतारावरच्या एका तळमजल्याच्या खोलीत भरत होता. सकाळी मारुतीच्या छातीशी पाणी होतं, म्हणून मी मुलांना येऊ नका कळवलं आणि चपला घालून खोलीकडं निघाले. मी पोचले तेव्हा रस्ता कोरडा होता. आत मोरीतून मात्र बुडबुडे येत होते, डब-डब-डब, कुणी खालून फुंकर घालावी तसे. मग काळं पाणी आलं, एक बोट, चार बोटं. मी आधी रंगपेट्या उचलल्या, मग इझल, आणि कागदांची पेटी राहून गेली, कारण ती जड होती आणि मला वाटलं वेळ आहे. अकरा वर्षांची मुलांची चित्रं होती त्यात. शेजारच्या दोन पोरांनी मला हाताला धरून चढावर आणलं. चार दिवसांनी पेटी उघडली तेव्हा आत एकच राखाडी लगदा होता, कडेला कुठं कुठं पोस्टर कलरचा निळा दिसत होता.

तेव्हापासूनचं माझं सांगणं: उतारावरचा तळमजला राहायला किंवा सामानाला घेऊ नका, कितीही स्वस्त असो. घ्यावाच लागला तर भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ शोधा, नवा रंग दिलेला असला तरी दाराच्या चौकटीवर ती सापडतेच. त्या रेघेच्या वर हातभर उंचीवर फळ्या मारा. कागद, वाद्यं, दागिने, दाखले सगळं त्यावर. हार्मोनियम भिजली की भाता जातो आणि सूरपट्ट्या गंजतात, ती पुन्हा पूर्वीसारखी बोलत नाही.

तांबट लेनमध्ये दिवसभर ठोकाठोक असते म्हणतात. झोप लागते का?

पहिले पंधरा दिवस लागत नाही. नंतर सुट्टीच्या दिवशी ठोके ऐकू आले नाहीत तर चुकल्यासारखं होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचं नाव जुनं आहे. पूर्वी गल्लीभर आवाज असायचा, आता मोजक्या घरांतून येतो.

एकदा त्यांचं काम बसून बघा. मी हंड्यावर मठारकाम करणाऱ्या काकांकडे एक अख्खी दुपार बसले होते. हंडा लोखंडी मेखेवर तिरका धरलेला. डावा हात तो जरासा फिरवतो, उजवा हात ठोका देतो, पुन्हा फिरवणं, पुन्हा ठोका. प्रत्येक ठोक्याची खूण आधीच्या खुणेला खेटून पडते. मान वर करून ते माझ्याशी बोलत होते आणि हात थांबत नव्हता. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग ते भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात, की पुन्हा मऊ. ठोक्याचा आवाज बदलला की पत्रा कडक झाला हे त्यांना कळतं. "डोळ्यानं नाही, कानानं कळतं," ते म्हणाले. घरी आल्यावर मी खिडकीत बसून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला त्या आवाजातला फरक ओळखू आला.

खरेदी करायची तर भांडं आतून बोटानं चाचपून घ्या आणि स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करून मागा.

एकटी मुलगी राहू शकते का? तालमीवरून यायला रात्रीचे अकरा होतात.

राहू शकते. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी राहिल्या. रात्री अकराला गल्लीत ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं, आणि ते तुम्हाला ओळखतं. हीच सोय आणि हाच जाच. कुणाच्या गाडीवरून आलीस, कालचा तो मुलगा कोण, एवढा उशीर का, हे प्रश्न येतात. तालीम कुठं चालते आणि किती वाजता सुटते हे पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंना सांगून टाका, शक्य झालं तर त्यांना प्रयोगाला बोलवा. आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी अशा एका मुलीला महिनाभर नुसतं पाण्यात पाहिलं. तिचा प्रयोग बघून आल्यावर रात्री तिच्या दाराशी झाकून ताट ठेवायला लागल्या. ज्यांना आपलं आपण, कुणाचं घेणं-देणं नको असं जगायचंय, त्यांनी मात्र इथं येऊ नये. इथं दाराची कडी लावली की "बरं नाही का?" म्हणून विचारायला येतात.

गाडी कुठं लावायची?

दुचाकी असेल तर वाड्याच्या दिंडी दरवाज्याच्या आत. चारचाकी असेल तर आणू नका.

सातपूर-अंबडला नोकरी आहे. रोज जाणं जमेल?

जमतं. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, आणि शालिमार चालत गाठता येतात, तिथून सिटीलिंकच्या बस आहेत. नाशिक रोड स्टेशन मात्र नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. पहाटेची गाडी असेल तर रिक्षावाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

सणांच्या दिवसांत काय असतं?

इथं मला थांबवू नका.

रंगपंचमीची रहाड नाशिकबाहेर कुणी फारशी पाहिलेली नसते. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद आहेत, रस्त्याच्या खाली. वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेले, वरून गाड्या जातात. तुम्ही रोज त्यावरून चालत असाल आणि पत्ता नसेल. पूर्वी बऱ्याच होत्या, आता शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, तांबट लेन अशा मोजक्या ठिकाणी उघडतात. आधी दोन-चार दिवस खोदून लाकडं काढतात, आत उतरून दगड धुतात, पूजा होते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तो बदलत नाही. फुलं आणि वनस्पती मोठ्या कढईत उकळून रंग करायची रीत आहे, त्याचा वास आदल्या रात्रीपासून गल्लीत असतो. मग काठावरून उडी मारायची, तिला धप्पा म्हणतात. जो पडतो त्याच्यासोबत काठावरचे सगळे नखशिखांत रंगतात. पुढचा आठवडाभर कोण कुठल्या रहाडीवर गेलं होतं हे कानामागच्या रंगावरून कळतं.

त्याआधी धुळवडीला वीर निघतात. घरातल्या पूर्वज वीरांचे टाक, म्हणजे देव्हाऱ्यातल्या धातूच्या प्रतिमा, घेऊन, लहान मुलांना देवांचे नाहीतर मावळ्यांचे कपडे घालून, वाजतगाजत गंगेवर न्यायचं. दाजीबा वीराची मिरवणूक बघायला बायका उंबऱ्यात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असतात.

चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. रथापुढे बुवा उलटे चालतात, तोंड देवाकडे, पाठ रस्त्याकडे. एवढ्या गर्दीत, एवढ्या उतारावर. पहिल्यांदा बघाल तेव्हा तुमचाच श्वास अडकेल.

दिवाळीच्या पाडव्याला नेहरू चौकातल्या पिंपळपारावर पाडवा पहाट असते. पहाटे अंधारात निघायचं, अंघोळ करून, नवे कपडे घालून. पाराभोवती रस्त्यावर माणसं बसलेली, गच्च्या भरलेल्या, माडीच्या खिडक्यांत आज्या. मोठे मोठे गायक इथं येऊन गायलेत. पहिला आलाप लागतो तेव्हा उजाडलेलं नसतं, आणि मध्येच कधीतरी पिंपळाची पानं दिसायला लागतात.

घाटावर बसून चित्रं काढायला परवानगी लागते का?

वही आणि जलरंग घेऊन बसायला कुणी अडवत नाही. इथल्या देवळांना, पायऱ्यांना जलरंगात उतरवणारी चित्रकारांची मोठी परंपरा आहे, शिवाजी तुपे यांचं नाव आम्ही आदरानं घेतो. सकाळी सातच्या आत या. सुंदरनारायण मंदिरावर त्या वेळी ऊन तिरकं पडतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. नारोशंकर मंदिर १७४७ चं, त्याच्या कोटावरची मोठी घंटा वसईच्या विजयातली म्हणून प्रसिद्ध आहे. ती रामसेतू पुलावरून छान दिसते. फक्त दशक्रियेचे विधी चालू असतील तिथं तोंड वळवून बसा. कुणाचं दुःख कागदावर घेऊ नका, फोटोतही नको.

छोटा कार्यक्रम करायचा असेल तर?

सावानाचं औरंगाबादकर सभागृह लहान मैफलीला, व्याख्यानाला सोयीचं. गंगापूर रोडकडे कुसुमाग्रज स्मारकात विशाखा सभागृह आहे. त्याहून लहान काही असेल तर वाड्याच्या चौकात करा. तीस माणसं बसतात, माइक लागत नाही. घरमालकाला विचारा, वेळ रात्री दहाच्या आत ठेवा, आणि वाड्यातल्या प्रत्येक घराला स्वतः जाऊन आमंत्रण द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं आमंत्रण इथं धरत नाहीत.

वाडा भाड्यानं घेऊन कॅफे किंवा स्टुडिओ काढावा म्हणतोय. कसं वाटतं?

स्टुडिओ जरूर काढा, पण त्याच्या वर किंवा शेजारी कुणी राहत असू द्या. सगळी घरं रिकामी करून नुसती जुनी चौकट ठेवायची, आणि तिच्यात दिवे लावून चहा विकायचा, हे मला पटत नाही. पाडवा पहाटेला खिडकीत बसणारी आजी त्या घरातून गेली की उरते ती नुसती खिडकी. तुमचा बेत असा करा की दुरुस्तीचा खर्च तुम्ही उचलाल, तळाचा एक भाग वापराल आणि राहणारे राहतील. असा करार मी एकाच वाड्यात यशस्वी झालेला बघितलाय. तिथं आता खाली मातीकाम चालतं, वर दोन कुटुंबं राहतात, आणि तुळया नव्या आहेत.

खाण्याचं काय?

उपाशी राहणार नाही. मिसळीवर भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. बुधा हलवायाची जिलबी गरम असतानाच, तिथंच उभं राहून खा. घरी नेईपर्यंत ती वेगळी होते.

सिंहस्थात राहणं कठीण होतं का?

गेला सिंहस्थ २०१५ चा, पुढचा २०२७ चा. पर्वणीच्या दिवसांत घाटाकडचे रस्ते बंद असतात, स्वतःच्या घरी जायला ओळखपत्र दाखवावं लागतं, दूध-भाजी आदल्या दिवशी भरून ठेवावी लागते. त्या काळात बाळंतपण, शस्त्रक्रिया असं काही ठरलेलं असेल तर दुसरीकडे सोय करा. बाकीच्यांनी थांबावं. भारतभरातून आलेली माणसं तुमच्या ओट्यावर टेकतात, पाणी मागतात, आपल्या गावचं भजन म्हणतात. माझ्या वहीत त्या महिन्यातली एकशे बारा रेखाटनं आहेत. ती वही दुसऱ्या मजल्यावर होती, म्हणून २०१९ मध्ये वाचली.

खोली बघायला कधी यावं?

पाऊस पडत असताना. जुलैच्या शेवटी नाहीतर ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस झड लागलेली असेल तेव्हा. भिंत, छत, मोरी, गल्ली सगळं एका फेरीत कळतं. बुधवार टाळा, त्या दिवशी गंगेवर बाजार भरतो आणि कुणाला बोलायला सवड नसते. रविवार कारंज्याला उतरा, सराफ बाजारातून सरकारवाड्यावरून खाली चालत या, आणि दहिपुलाशी पोचलात की मला फोन करा. पुढच्या गल्ल्या सांगून सापडत नाहीत, मी घ्यायला येते.